घोडा न्यायच्या गाडीचा तळ: लाकूड, लोखंड की अॅल्युमिनियम?

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेताना माणूस दात बघतो, खूर उचलतो, चाल बघतो. मग तोच घोडा ज्या गाडीत चढवायचा, तिचा तळ मात्र कुणी वाकून बघत नाही. ब्रेक लागला की साडेतीनशे-चारशे किलोंचं जनावर पाय फाकवून तोल धरतं आणि सगळा भार चार खुरांखाली येतो. प्राणी वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांतसुद्धा साध्या मालवाहू ट्रक-टेम्पोतून घोडे न्यायचे तर तळाला न घसरणारं काहीतरी घाला, असं आहे.

माझा कल लाकडाकडे. दोन इंची सागाच्या अखंड फळ्या, मधे पाणी निघायला फट, खाली कमी अंतरावर आडवे चॅनल, म्हणजे फळ्या पेलणारे लोखंडी दांडे. लाकूड हादरे खातं आणि उन्हात पत्र्यासारखं तापत नाही. वैरी एकच, मूत. फळी वरून ठणठणीत दिसते, पण चॅनलवर टेकते तिथे ओल धरून कुजते. एका जुन्या गाडीखाली झोपून मी स्क्रू ड्रायव्हर टोचला, तर बोटभर सहज आत गेला आणि ओला भुसा हातावर पडला. वर रबरी मॅट नवीकोरी होती. त्याच गाडीतून आदल्या आठवड्यात गाभण घोडी आली होती.

लोखंडी चेकर प्लेट, म्हणजे उठावाची नक्षी असलेला जाड पत्रा, दणकट, शिवाय गावातला वेल्डरही दुरुस्त करतो. पण ओल्या प्लेटवर नाल सटकते, आवाजाने घोडा बुजतो आणि एकदा पडलेला घोडा पुन्हा गाडीत चढायला तयार होत नाही. मॅटशिवाय ही प्लेट नकोच.

अॅल्युमिनियम हलकं आहे, पण ‘गंजत नाही’ एवढ्यावर भुलू नका. मूत साचलं की त्यालाही खड्डे पडतात आणि त्याचं वेल्डिंग करणारा कारागीर लवकर सापडत नाही. प्लायचा विचारही नको. कापलेल्या कडेतून ओल शिरते आणि थर सुटतात.

रबरी मॅट म्हणजे तळ नव्हे, पांघरूण. १८-२० मिलिमीटर जाडीची, खरखरीत घ्या. एका माणसाला उचलतील असे तुकडे करा, पण घट्ट बसवा म्हणजे सरकणार नाहीत. चिकटवू मात्र नका. प्रत्येक खेपेनंतर काढून धुवा, तळ सुकू द्या.

नवी बॉडी बांधताय तर सागाच्या फळ्या आणि सुटी मॅट. पिकअप घरचीच असेल तर पत्र्याचा गंज तपासून त्यावर मॅट. जुनी गाडी घेताना मालकाला आधी मॅट उचलायला लावा, मग स्वतः खाली झोपून प्रत्येक चॅनलपाशी टोचून बघा.