क्लॅरो की इंग्लिश? दस्त्यासाठी अक्रोडाचं लाकूड निवडताना

कॅलिफोर्नियात बसून रायफलचा दस्ता करून घ्यायचा म्हटलं की क्लॅरो आणि इंग्लिश हे दोन्ही अक्रोड हाताशी असतात, पुष्कळदा एकाच झाडात. इथल्या जुन्या बागांमध्ये बुंधा स्थानिक क्लॅरोचा असतो आणि त्यावर कलम इंग्लिशचं, म्हणजे आपण खातो त्या अक्रोडाचं. बाग उतरणीला लागली की झाडं मुळासकट काढतात. कलमाच्या जोडाखालचं लाकूड एका नावाने विकलं जातं, वरचं दुसऱ्या. माझ्याकडे .२७० रायफलीवर क्लॅरोचा दस्ता आहे आणि .३०-०६ वर इंग्लिशचा. दोन्ही मी हौसेने करून घेतले आणि दोन्ही वापरतो, त्यामुळे पुढचं सगळं अनुभवाचं आहे, प्रयोगशाळेतलं नाही.

ब्लॅक वॉलनट, म्हणजे अमेरिकेतला काळा अक्रोड, इथे बाजूला ठेवतो. एम-१ गॅरंडपासून कितीतरी अमेरिकी रायफली त्याच्याच दस्त्यावर उभ्या राहिल्या. इमानी लाकूड आहे, पण नक्षीसाठी, म्हणजे लाकडात मुळातच असलेल्या चित्रासाठी, कोणी त्याच्याकडे क्वचितच जातं. शिवाय बाजारातलं बरंचसं ब्लॅक वॉलनट वाफवलेलं असतं. सालीकडचं फिकट लाकूड गाभ्याच्या रंगात मिसळावं म्हणून वाफवतात, आणि त्यात रंगांतला फरक मावळून सगळं मळकट तपकिरी होतं.

नक्षीच्या बाबतीत क्लॅरोला तोड नाही, हे आधीच कबूल करतो. तांबूस, नारिंगी, राखी आणि काळा, चारही रंग एकाच फळीत दिसतात. जमिनीखालच्या बुंध्यातलं लाकूड तर वेडच लावतं. काश्मीरमध्ये अक्रोडावर कोरीव काम करणारेही मुळाकडचं लाकूड वेगळं काढून ठेवतात, तेच कारण. वेदरबीच्या त्या चकाकत्या मार्क ५ डिलक्स रायफलींची ओळखच क्लॅरोवर बनली. इंग्लिश त्यामानाने अबोल. मधासारखी पिवळसर जमीन आणि तिच्यावर शाईने ओढल्यासारख्या बारीक काळ्या रेघा. तुर्की असो, कॉकेशसचं असो की इथल्या बागेतलं, जात तीच, जुग्लान्स रेजिया. लंडनच्या पर्डी किंवा हॉलंड अँड हॉलंडच्या बंदुकांवर दिसतं ते हेच.

ओळखायचं कसं? रंगावर जाऊ नका, रंग फसवतो. आडवा छेद धारदार पटाशीने साफ करा आणि भिंगातून बघा. क्लॅरोची रंध्रं मोठी आणि उघडी दिसतात, इंग्लिशची बारीक. पृष्ठभागावरून नख आडवं ओढलं तरी फरक बऱ्यापैकी कळतो. दोघांचा संकर बॅस्टोन म्हणून विकला जातो. तो हातात घेतल्यावर जड लागतो आणि आडव्या लाटा, म्हणजे फिडलबॅक, त्यात छान येतात. पण नुसत्या फोटोवरून बॅस्टोन ओळखल्याचा दावा कोणी केला, तर मी हसून पुढे जातो.

आता नक्षी खरी की नुसता रंग, हे बघू. ब्लँक, म्हणजे दस्ता कोरण्याआधीची जाड फळी, खिडकीपाशी न्या आणि कलता करा. खरी नक्षी उजेडाबरोबर हलते, आत्ता उजळलेला पट्टा पुढच्या क्षणी काळवंडतो, कारण तिथे लाकडाचे धागेच वळलेले असतात. रंगाची रेघ जागची हलत नाही. विक्रेते फोटोसाठी लाकूड ओलं करतात, त्यात काही वावगं नाही. फक्त कोरडा फोटोही मागा, आणि दोन्ही बाजूंचे मागा. घरी बघायचं तर पाणी नको, थिनर पुसा. पाण्याने धागे फुलतात. अडीच इंच जाडीच्या ब्लँकमधून पावणेदोन इंचांचा दस्ता निघतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी साधारण तीन अष्टमांश इंच तासून जाणार. आज वर दिसणारं फेदर, म्हणजे फांद्या फुटतात त्या जागचं पिसासारखं चित्र, तेवढ्या खोलीवर शिल्लक राहील का, ते कडेच्या रेषा बघून ताडावं लागतं.

आणि चित्र कितीही देखणं असो, ते दस्त्याच्या मागच्या भागातच हवं. ग्रिपमधून, म्हणजे हाताने धरायच्या निमुळत्या भागातून, लाकडाच्या रेषा त्याच्या वळणाबरोबर सरळ जायला हव्यात. तिथे आडव्या रेषा बाहेर पडत असतील तर दस्ता नेमका तिथेच तडकतो. पुढे नळीखालीही रेषा सरळच हवी, नाहीतर पावसाळी हवेत लाकूड वाकून नळीला टेकतं आणि नेम सरकतो. क्लॅरोच्या बाबतीत नेमकी इथे ओढाताण होते. सगळ्यात देखण्या ब्लँकमध्ये नक्षी टोकापासून टोकापर्यंत पसरलेली असते, आणि दुकानदार सर्वांत जास्त दाम त्यालाच लावतो. ‘एक्झिबिशन’, ‘फॅन्सी’ वगैरे दर्जे प्रत्येक जण आपापल्या मापाने ठरवतो, त्यावर भिस्त ठेवू नये.

इथपर्यंत दोघं बरोबरीत आहेत, किंबहुना क्लॅरो थोडा पुढेच. माझं मन फिरलं ते चेकरिंगवर.

चेकरिंग म्हणजे ग्रिपवर आणि पुढच्या पकडीवर कोरलेले ते बारीक हिरे, हे वेगळं सांगायला नको. मला इंचाला २६ रेघांचं काम आवडतं. त्यात एकेका हिऱ्याची रुंदी एक मिलिमीटरहून किंचित कमी भरते. इंग्लिशच्या दस्त्यावर ते काम आजही तसंच आहे. टोकं बोटांना लागतात, पण सुटत नाहीत. क्लॅरोवर स्टॉकमेकरने, म्हणजे दस्ता घडवणाऱ्याने, आधीच सांगितलं, २० च्या पुढे जाऊ नका. तो २० वरच थांबला, आणि काम त्याने हात राखून केलं असं मी मुळीच म्हणणार नाही. तरीही ग्रिपच्या डाव्या बाजूला, जिथे रंध्रांची एक रांग तिरकी जाते, तिथल्या हिऱ्यांची टोकं एकामागून एक उडत गेली. जिथे रंध्र हिऱ्याच्या कडेवर येतं, तिथे धरून ठेवायला लाकूडच नसतं. आता तिथे खडबडीत हिऱ्यांऐवजी एक मऊ, गुळगुळीत डाग आहे. अंगठा दर वेळी बरोबर तिथेच पडतो. घाम आला की पकड सरकते. शोकेसमध्ये ठेवलेल्या रायफलीवर हे कोणाला दिसणारही नाही, पण मी रायफल उचलली की आधी तोच डाग हाताला लागतो.

तेल देण्याचीही हीच गत. ओल्या सँडपेपरने तेलात घोटून रंध्रं भरायची, वाळू द्यायचं, पुन्हा घोटायचं. इंग्लिश लवकर ऐकतं. क्लॅरोवर भरलं असं वाटतं, आणि तिरप्या उजेडात धरलं की पुन्हा टाचणीच्या टोकाएवढे खड्डे.

सगळे क्लॅरो असेच, असं नाही. घट्ट लाकडाचे ब्लँक मिळतात, आणि एखाद्याच्या नशिबी तसा आला असेल तर त्याला माझं म्हणणं अतिरेकी वाटेल. रायफल बहुतेक कपाटात राहणार असेल, चेकरिंग जाड चालणार असेल किंवा नकोच असेल, तर क्लॅरो घ्या आणि खुशाल मिरवा. .३७५ सारख्या जोरदार धक्क्याची रायफल असेल तर दोन्ही सोडून सरळ रेषेचा बॅस्टोन बघावा, असं मला वाटतं. पण रायफल रोज हातात असणार असेल आणि बजेट एकाच दस्त्याचं असेल, तर त्याच पैशात नक्षीने एक पायरी खालचा इंग्लिश मिळतो. मागे थोडी नक्षी, ग्रिपमध्ये सरळ रेषा, नीट वाळलेला. ‘नीट वाळलेला’ हे ऐकून घेऊ नका. टोकांना मेण आहे का बघा, आणि घरी आणल्यावर अधूनमधून वजन करा. वजन उतरायचं थांबेपर्यंत स्टॉकमेकरकडे न्यायची घाई करू नका.