खेकड्यांसाठी बॅटरी की सापळा?

किनवटच्या माझ्या भाच्याला पावसाळ्यात ओढ्यातले खेकडे धरायचे आहेत, पण बॅटरी घेऊन रात्री हिंडावे की सापळा लावावा, हे त्याचे ठरत नाही. खर्चात फारसा फरक नाही. बॅटरीचा खरा लाभ निवडीत आहे: निशाचर खेकडा प्रकाशात अनेकदा थबकतो, मागून कवच दाबून उचलला की नांगी बोटापर्यंत पोहोचत नाही, आणि पोटावरच्या रुंद झाकणाखाली अंडी किंवा पिल्ले दिसली तर मादी तिथेच सोडता येते, नव्हे, सोडलीच पाहिजे. मात्र निसरडे दगड आणि साप यांमुळे एकट्याने जाऊ नये. कोंबडीची आतडी बांधलेला सापळा संध्याकाळी ठेवून पहाटे काढता येतो. पण पूर आल्यास तो वाहून जातो आणि कोंडलेले खेकडे एकमेकांच्या नांग्या तोडतात. सोबतीला जाणता माणूस असेल, तर बॅटरी, एकट्यासाठी सापळा.