पर्यावरणविषयक प्रतिरूप परिषदेची तयारी: आठ आठवड्यांच्या ऑनलाइन वर्गाबद्दल

आमच्या शाळेतील बारा विद्यार्थ्यांची पर्यावरण या विषयावरील मॉडेल युनायटेड नेशन्स परिषदेसाठी (विद्यार्थी निरनिराळ्या देशांचे प्रतिनिधी होऊन संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीचे प्रतिरूप साकारतात, तिच्यासाठी) निवड झाली, तेव्हा त्यांच्यापैकी नऊ जणांनी अशी परिषद पाहिलीही नव्हती. वक्तृत्व स्पर्धा गाजवलेली ही मुले होती. पण स्वतःचे मत मांडणे आणि एखाद्या देशाचा प्रतिनिधी म्हणून बोलणे यांत काय फरक आहे, याची त्यांना कल्पना नव्हती, आणि ते शिकवण्याइतका अनुभव शाळेत आम्हा कोणाकडेही नव्हता. म्हणून आम्ही आठ आठवड्यांचा एक ऑनलाइन तयारी वर्ग लावला. आठवड्याला दीड तासाची दोन सत्रे, बारा जणांमागे एक मार्गदर्शक, पोझिशन पेपरची (म्हणजे आपल्या देशाची भूमिका मांडणाऱ्या लेखाची) दोनदा तपासणी आणि शेवटी दिवसभराची सराव परिषद, असे त्याचे स्वरूप होते. सोबतची शिक्षिका म्हणून दोन सत्रे वगळता मी सगळी सत्रे शेवटपर्यंत बसून पाहिली. एका तुकडीच्या अनुभवावरून संपूर्ण संस्थेबद्दल निवाडा देणे योग्य नाही, म्हणून तिचे नाव येथे लिहीत नाही. मात्र हा वर्ग मसुदा लिहायला आणि समोरच्याचे ऐकायला उत्तम शिकवतो, आणि पैशांच्या प्रश्नात व कामकाजाच्या नियमांत मुलांना कच्चे ठेवतो, हे माझे मत मी पुरेशा जबाबदारीने मांडत आहे.

सहा मुले संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेच्या समितीत होती आणि त्यांचा विषय प्लास्टिक प्रदूषणाविरुद्धचा जागतिक करार हा होता. उरलेली सहा हवामान परिषदेत होती. दुसऱ्याच सत्रात प्रत्येकाने दीड मिनिटाचे सुरुवातीचे भाषण वाचून दाखवायचे होते. नववीतल्या एका विद्यार्थिनीकडे सौदी अरेबिया हा देश होता. समुद्रात गुदमरणारी कासवे, कचऱ्याने भरलेले किनारे, पुढच्या पिढ्यांचा हक्क असे सगळे तिच्या भाषणात होते. ते मनापासून लिहिलेले होते आणि तिने ते म्हटलेही छान. मार्गदर्शकांनी ते पूर्ण ऐकून घेतले आणि शांतपणे एकच प्रश्न विचारला, "यातले देशाचे नाव झाकले, तर हे कोणत्या देशाचे भाषण आहे हे आम्हाला ओळखता येईल का?" तिने थोडा विचार केला आणि मान हलवून नाही म्हटले. मग हीच कसोटी बाराही भाषणांना लावण्यात आली आणि एकही भाषण तिला उतरले नाही.

तीन दिवसांनी ती जे भाषण घेऊन आली, ते निराळेच होते. करार प्लास्टिकच्या उत्पादनावरच मर्यादा घालणारा असावा की कचऱ्याच्या व्यवस्थापनापुरता असावा, हा वाटाघाटींतला मुख्य तिढा तिला सापडला होता. तेल आणि पेट्रोरसायने यांवर ज्याची अर्थव्यवस्था उभी आहे, तो देश कचरा गोळा करणे, पुनर्प्रक्रिया आणि राष्ट्रीय परिस्थितीनुसार उपाय यांवर भर का देतो, हे ती आता त्या देशाच्या बाजूने सांगू शकत होती. सत्र संपल्यावर ती मला म्हणाली, "मॅडम, मला हे पटत नाही, पण ते असं का बोलतात ते कळतंय." न पटणारी भूमिका प्रामाणिकपणे समजून घेणे या वयात सहज जमत नाही. ते शिकवताना मार्गदर्शकांनी घाई केली नाही आणि मुलीला कमीपणाही वाटू दिला नाही, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

प्लास्टिक कराराची मांडणी एकूणच नीट होती. मार्च २०२२ मध्ये नैरोबीत पर्यावरण सभेने कायदेशीर बंधन असलेल्या कराराच्या वाटाघाटी सुरू करण्याचा ठराव केला, २०२४ च्या अखेरीस बुसानच्या बैठकीत शंभराहून अधिक देश उत्पादन कमी करण्याच्या बाजूने उभे राहिले, तरी करार झाला नाही, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हाची बैठकही कराराविना संपली. हा इतिहास पाठ करायला न लावता, कोण कोणाच्या बाजूने आणि का, याचा तक्ता मुलांकडून काढून घेण्यात आला. त्यात नॉर्वे आणि रवांडा हे दोन अगदी वेगळ्या स्थितीतले देश महत्त्वाकांक्षी गटाचे नेतृत्व एकत्र करताना दिसले, तेव्हा श्रीमंत देश एका बाजूला आणि गरीब दुसऱ्या बाजूला ही मुलांची सोपी विभागणी आपोआप कोसळली. हवामानाच्या गटातही असेच झाले. जी-७७ हा विकसनशील देशांचा गट १९६४ मध्ये सत्त्याहत्तर देशांनी स्थापन केला. नाव तेच राहिले, सदस्य मात्र आज १३४ आहेत, आणि त्यात तेल निर्यात करणारे देशही आहेत व समुद्राची पातळी वाढल्यास ज्यांची जमीनच जाईल अशी छोटी बेटेही आहेत. बेटांनी १९९० मध्ये स्वतःची वेगळी आघाडी का उभारली, हे त्यानंतर समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

तरीही मला सर्वांत मोलाचे वाटले ते पाचव्या आठवड्यातील मसुद्याचे सत्र. आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत ज्या शब्दांवर एकमत झालेले नसते, ते चौकोनी कंसात ठेवतात, आणि कंस उठवत जाणे हेच पुष्कळदा वाटाघाटींचे काम असते. मार्गदर्शकांनी एकच परिच्छेद दिला. त्यात अकरा कंस होते. मुलांचे दोन गट करून त्यांना सांगण्यात आले, की भाषण कोणी करायचे नाही, फक्त कंस कमी करायचे. पहिली चाळीस मिनिटे एकाच कंसावर गेली: विकसित देशांनी पुढाकार घेण्याच्या वाक्यात 'शॅल' हवे की 'शुड', म्हणजे ते बंधन असावे की अपेक्षा. एक मुलगा वैतागून म्हणाला, की एवढ्याशा शब्दावर इतका वेळ कशाला घालवायचा. तेव्हा त्याला पॅरिसची हकिकत सांगण्यात आली. १२ डिसेंबर २०१५ रोजी पॅरिस कराराच्या अंतिम मसुद्यात, कलम ४ च्या चौथ्या परिच्छेदात, विकसित देशांच्या उत्सर्जनकपातीबाबत नेमका 'शॅल' हा शब्द आला होता. अमेरिकेला ते कायदेशीर बंधन मान्य होण्यासारखे नव्हते; संपूर्ण करार त्या एका शब्दापाशी अडला आणि तांत्रिक दुरुस्ती म्हणून तेथे 'शुड' आल्यावरच तो मंजूर झाला. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत कोळशाबाबत 'टप्प्याटप्प्याने बंद करणे' याऐवजी 'टप्प्याटप्प्याने कमी करणे' असा बदल अगदी शेवटच्या घटकेला झाला, तेही त्याच ओघात आले.

यानंतर मुलांच्या बोलण्याचा सूरच पालटला. एका मुलीने सुचवले, की वादाचे वाक्य ठरावाच्या कृतिकलमांतून काढून प्रस्तावनेत न्यावे. तेथे ते तत्त्व म्हणून राहील आणि कोणावर थेट बंधनही येणार नाही. दोन्ही गटांनी ते मान्य केले आणि एका वेळी तीन कंस उठले. सत्र संपले तेव्हा अकरापैकी चार कंस शिल्लक होते. मार्गदर्शकांनी ते ओढूनताणून मिटवले नाहीत. उरलेल्या चारही जागी प्रत्येक गटाने आपला आक्षेप एका वाक्यात लिहून ठेवावा, एवढेच सांगितले. परिषदेच्या तयारीच्या नावाखाली बहुतेक ठिकाणी केवळ भाषणाचा सराव होतो. हे एक सत्र तेवढे असते, तरी वर्ग लावल्याचे मला समाधान वाटले असते.

पोझिशन पेपरची पहिली तपासणीही काळजीपूर्वक झाली. समासात सर्वांत जास्त वेळा आलेला शेरा होता, "हे कोणाच्या अधिकारात?" मुलांनी सर्रास लिहिले होते, की पर्यावरण सभा सर्व देशांना प्लास्टिकबंदीचा आदेश देते. आवाहन करणे, शिफारस करणे, प्रोत्साहन देणे हे सभेला शक्य आहे. सर्व सदस्य देशांवर बंधनकारक निर्णय लादण्याचा अधिकार संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने सुरक्षा परिषदेला दिलेला आहे. ही एक गोष्ट समजली आणि मुलांची क्रियापदे बदलली. दुसरी तपासणी मात्र परिषदेच्या दोनच दिवस आधी हाती आली. शेरे उपयुक्त होते, पण तोवर पेपर पाठवण्याची मुदत उलटून गेली होती, आणि मुलांची मेहनत अशी वाया गेल्याचे मला वाईट वाटले.

हवामान विषयाची वाचनफाइल हा या वर्गाचा सर्वांत कमजोर भाग आहे. ती ग्लासगोपाशी थांबते. विकसित देशांच्या उत्सर्जनकपातीचा क्योटो करार १९९७ पासून लागू झाला असे तिच्यात छापले आहे, आणि ही चूक किरकोळ समजता येणार नाही. करार १९९७ मध्ये संमत झाला, पण लागू झाला तो १६ फेब्रुवारी २००५ रोजी; कारण किमान ५५ देशांनी तो मान्य करणे आणि त्यांत विकसित देशांच्या १९९० सालच्या उत्सर्जनापैकी निदान ५५ टक्के वाटा असणारे देश असणे, अशा दोन अटी होत्या आणि रशियाने मान्यता दिल्यावरच दुसरी अट पुरी झाली. करार संमत होणे आणि तो लागू होणे यांत सात वर्षांहून अधिक काळ का जाऊ शकतो, हेच तर मुलांना यातून शिकवायचे होते.

पैशांच्या प्रश्नावर तर फाइलमध्ये एकच वाक्य आहे: विकसित देश दरवर्षी १०० अब्ज डॉलर देणार. हे आश्वासन २००९ मध्ये कोपनहेगनला दिलेले होते आणि त्यासाठी २०२० ही मुदत होती. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या हिशेबानुसार ते प्रथम पूर्ण झाले २०२२ मध्ये, आणि त्यातही अनुदानापेक्षा कर्जाचा वाटा मोठा होता. २०२४ मध्ये बाकू येथे २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचे नवे उद्दिष्ट ठरले आणि अनेक विकसनशील देशांनी ते अपुरे म्हणून त्यावर उघड नाराजी व्यक्त केली. यातले काहीच मुलांपर्यंत पोहोचले नव्हते. प्रत्यक्ष परिषदेत आमच्या मालदीवच्या प्रतिनिधीला समोरून विचारण्यात आले, "तुम्ही मागता ती मदत कर्ज म्हणून हवी की अनुदान म्हणून?" तो गप्प उभा राहिला. बेटांच्या दृष्टीने सगळ्यात जिव्हाळ्याचा प्रश्न होता तो, आणि त्याचे उत्तर त्याच्याकडे नसण्यात त्याचा काहीही दोष नव्हता.

दुसरी उणीव नियमांची. पॉइंट ऑफ ऑर्डर (नियम मोडल्याची हरकत), कॉकस (औपचारिक भाषणांबाहेरची चर्चा), दुरुस्त्या, प्रायोजक (मसुदा मांडणारे) देश हे सगळे सरावाने पक्के करून घेतले गेले आणि ते आवश्यकही होते, कारण प्रतिरूप परिषदा मतदानावर चालतात. पण खऱ्या हवामान परिषदेत मतदानाचा नियम १९९५ च्या बर्लिनच्या पहिल्या बैठकीपासून आजतागायत संमतच झालेला नाही. तेथे निर्णय सर्वसहमतीने होतात. त्यामुळेच २००९ मध्ये मोजक्या देशांच्या विरोधामुळे कोपनहेगनचा मसुदा मंजूर न होता त्याची केवळ नोंद घेतली गेली, आणि पुढच्याच वर्षी कानकुनला एकट्या बोलिव्हियाचा आक्षेप नोंदवून अध्यक्षांनी निर्णय संमत झाल्याचे जाहीर केले. सहमती म्हणजे नेमके काय, हा प्रश्न या दोन घटना शेजारी ठेवल्या की मुले स्वतःच विचारतील. वर्गात या फरकाचा उल्लेख जाता जाता एका वाक्यात झाला. दिवसभराच्या सराव परिषदेतला एक तास जरी मतदानाविना चालवला असता, तरी मसुद्याच्या सत्रात पेरलेले पुरते रुजले असते.

शेवटच्या दोन आठवड्यांत 'बेस्ट डेलिगेट'च्या पारितोषिकाची चर्चा वाढली, तेही मला खटकले. हात किती वेळा वर करावा, अध्यक्षांच्या नजरेत कसे भरावे, असे सल्ले सुरू झाल्यावर ज्या मुली मसुद्यावर निगुतीने काम करत होत्या, त्या मागे पडल्या आणि मोठ्या आवाजाची मुले पुढे आली. हे मी मार्गदर्शकांना त्याच संध्याकाळी कळवले. त्यांनी ते मनावर घेतले आणि सराव परिषदेत भाषणांइतकेच गुण लेखी दुरुस्त्यांना दिले.

पहिल्यांदाच अशा परिषदेला जाणाऱ्या आठवी ते दहावीच्या मुलांसाठी मी या वर्गाची शिफारस करीन. ज्यांनी दोन-तीन परिषदा केल्या आहेत, त्यांना पहिले तीन आठवडे संथ वाटतील. वर्ग लावणाऱ्या शिक्षकांनी दुसऱ्या तपासणीची तारीख सुरुवातीलाच लेखी ठरवून घ्यावी आणि हवामान निधीवरचे एक सत्र स्वतः घ्यावे. पुढच्या तुकडीसाठी आम्ही सर्वसहमतीचे एक सत्र आणि वाचनफाइलची दुरुस्ती अशा दोन मागण्या संस्थेला पत्राने कळवल्या आहेत. क्योटोची तारीख आठवडाभरात दुरुस्त झाली. सत्राबद्दल उत्तर अजून यायचे आहे.