नॉमिनी, बक्षीसपत्र की मृत्युपत्र? एकच फ्लॅट असलेल्यांसाठी

"आमचं एवढं आहे काय, मृत्युपत्र करायला?" असं ज्या ज्या घरात ऐकलं, तिथे एक फ्लॅट, थोड्या एफडी, पीएफ आणि थोडं सोनं एवढं होतंच. भावंडांत अबोला यायला तेवढं पुरतं.

काहीच केलं नाही तर कायदा वाटणी करतो. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. 'माझ्यामागे घर हिचंच' असं धरून चाललेल्यांनी हिशेब करून पाहावा. फ्लॅट नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर, दोन मुलं आणि सासूबाई हयात, म्हणजे बायकोच्या वाट्याला पाव घर. पुढे घर विकायचं म्हटलं की प्रत्येकाची सही नाहीतर हक्कसोडपत्र हवं.

मूल नसलेल्या विधवेच्या बाबतीत तर काहीच न करण्याचा हा पर्याय मला क्रूर वाटतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तिच्या स्वतःच्या कमाईवरही नवऱ्याचे वारस तिच्या आईवडिलांच्या आधी येतात. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेलं नारायणीदेवींचं प्रकरण वाचून मी अस्वस्थ झालो होतो. लग्नानंतर तीन महिन्यांत सर्पदंशाने नवरा गेला, सासरच्यांनी घराबाहेर काढलं. माहेरच्यांनी शिकवलं, नोकरी लागली. १९९६ मध्ये त्या गेल्या, तेव्हा बँकेत आणि भविष्यनिर्वाह निधीत बरीच रक्कम होती, पण मृत्युपत्र नव्हतं. आईने दावा केला. पैसे मात्र गेले नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना. सहानुभूतीवर कायदा बदलता येत नाही, असंच न्यायालयाचं म्हणणं पडलं. दोन साक्षीदारांसमोर सही केलेला एक कागद असता, तर ती कमाई माहेरी राहिली असती.

"पण नॉमिनी लावलाय ना?" लावायलाच हवा, पैसे लवकर हातात येतात. पण सर्वसाधारणपणे नॉमिनी हा सांभाळणारा असतो, मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. हाउसिंग सोसायटीतही नॉमिनीला आधी तात्पुरतं सभासदत्व मिळतं. मालकी वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते.

बक्षीसपत्राने मालकी आजच जाते. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला किंवा मुलीला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे, म्हणून अनेकांना तो मार्ग सोपा वाटतो. पण एकदा नोंदणी झाली की मन बदललं म्हणून ते परत घेता येत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली दाद मागता येते, पण त्यासाठी 'आमचा सांभाळ करील' ही अट दस्तातच असलेली बरी. दुसरा फ्लॅट असेल तर खुशाल द्या. ज्या घरात झोपता ते देऊ नका, असं मी माझ्या आईवडिलांनाही हट्टाने सांगितलं.

मृत्युपत्र जिवंतपणी कितीही वेळा बदलता येतं, शेवटचं ते खरं. त्याला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीही सक्तीची नाही. तरी करून ठेवावी, पुढे सहीवर शंका घेणं अवघड जातं. साध्या कागदावर, मराठीत, स्वतःच्या अक्षरात लिहिलेलंही चालतं. दोन साक्षीदार मात्र हवेतच. ते वयाने आपल्यापेक्षा लहान असावेत आणि मिळकत ज्यांना मिळणार त्यांच्यापैकी नसावेत. मजकूर त्यांना वाचून दाखवायची गरज नाही.

मर्यादाही आहेत. वडिलोपार्जित मिळकतीत आपल्या हिश्शापुरतंच लिहिता येतं. गोव्याच्या कायद्यात मुलं असतील तर आपल्या वाट्याच्या निम्म्या मालमत्तेपुरतंच स्वातंत्र्य आहे, आणि मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापुरतं.

माझ्या आईचं मृत्युपत्र दोन पानांचं आहे. फ्लॅटचा नंबर, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक, आणि 'पाटल्या नातीला, तोडे सुनेला' अशी एक ओळ. 'यात न लिहिलेलं जे काही उरेल ते यांच्याकडे जावं' हे वाक्य वकिलांनी शेवटी घालायला लावलं, कारण नंतर काढलेली एफडी त्याशिवाय वाटणीबाहेर राहिली असती. मूळ प्रत कपाटाच्या कुठल्या खणात आहे, ते मला आणि बहिणीला दोघांनाही तिने दाखवून ठेवलंय.