येझदी २५०ला १२ व्होल्टचं सीडीआय किट: वर्षभराच्या वापरानंतर

जुने पॉइंट काढून सीडीआय (पॉइंटशिवाय, इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं प्लगला ठिणगी देणारं) किट बसवून वर्ष होत आलं. पावसाळा झाला, उन्हाळा झाला, आता लिहायला हरकत नाही. गाडी १९८१ची येझदी २५०, दोन सायलेन्सरवाली, म्हणजे जुन्या जावाचाच म्हैसूरमध्ये बनलेला अवतार. कोल्हापुरात रोज चालवतो. चकाचक करून बैठकीत ठेवायची गाडी नाही ही.

घाईत असलेल्यांसाठी आधीच सांगतो. किट घ्या, पैसे वाया जात नाहीत. पण इंजिनाचे ऑइल सील (क्रँकभोवतीची रबरी कडी) आणि अर्थिंग ठीक करण्याआधी घेऊ नका. पॉइंटच्या (ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या जुन्या स्विचच्या) नावानं आपण ज्या शिव्या देतो, त्यातल्या निम्म्या दुसऱ्याच्या वाट्याच्या असतात.

मुळात ६ व्होल्टची व्यवस्था वाईट नव्हती, तिचा काळ वेगळा होता. क्रँकच्या उजव्या टोकाला डायनामोचं आर्मेचर (त्याचा फिरणारा भाग), त्याच झाकणाखाली पॉइंट आणि कंडेन्सर. ठिणगीसाठी करंट बॅटरीतून येतो. मोकळ्या रस्त्यावर डायनामो बॅटरी भरत राहतो. दाभोळकर कॉर्नरला सिग्नलवर थांबलं की इंजिन मंद, चार्जिंग जवळजवळ बंद, वर दिवा आणि ब्रेक लाइट चालू. ब्रेक दाबला की हेडलाइट मान टाकायचा. बॅटरी उतरली की किक मारून पाय दुखले तरी गाडी ढिम्म. पन्हाळ्याच्या वळणांवर रात्री त्या पिवळ्या उजेडात खड्डा दिसेपर्यंत चाक त्यात गेलेलं असायचं.

किट घेऊन मी मिस्त्रींकडे गेलो तर त्यांनी खोका उघडलाच नाही. गाडी चालू करायला लावली, सायलेन्सरमागे उभे राहिले, धुरापुढून हात फिरवला, बोटं हुंगली. "किट राहू दे साहेब, ही गिअरचं ऑइल पितीया की." दोन स्ट्रोकचं इंजिन पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँककेसमधून ओढतं. क्लचच्या बाजूचा सील कडक झाला की तिकडचं ऑइलही त्याच ओढीनं आत येतं आणि जळतं. पांढरट धूर जाता जात नाही, प्लग ओला-काळा होतो, गाडी मिस मारते. आपण पॉइंट घासत बसतो. दुसऱ्या बाजूचा सील गेला तर उलटं: बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि एखाद्या चढावर पिस्टन जाम होतो. क्लच, प्रायमरी चेन खोलून दोन्ही सील बदलले. सील किरकोळ किमतीचे, मजुरीच जास्त. मग हेडलाइटच्या भांड्यातल्या, इंजिनाच्या आणि चासीच्या अर्थच्या जागा रंग खरवडून पत्र्यापर्यंत नेल्या. एवढ्यावरच गाडी इतकी सुधारली की किट परत करावं का, असं एक दिवस वाटलं.

परत केलं नाही, कारण दिवा. आर्मेचर काढायला पुलरचा बोल्टच हवा. हातोडीनं ठोकून काढणारे फिटर भेटतील, त्यांच्याकडे गाडी देऊ नका. क्रँक हलला तर किटच्या दसपट खर्च. मॅग्नेट टेपरवर बसतो, कॉइलची प्लेट त्याच्या आत. ठिणगीचं टायमिंग पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याआधी साधारण ३ मिलिमीटरवर, प्लगच्या भोकातून डायल गेज घालून. "खूण जुळली की झालं" असं सांगणारा माणूस आमच्या गाडीला चालला नाही: प्लेटवरची खूण आणि गेजचं माप यांत फरक होता. गेज मानलं. बल्ब, हॉर्न, बॅटरी, सगळं १२ व्होल्टचं घ्यावं लागतं, हे किट विकणारे शेवटी सांगतात. मजुरी धरून खर्च पाच आकड्यांत गेला.

आता वापराचं. सकाळी कार्बोरेटरवरचं टिकलर हे बटण दाबायचं, पेट्रोल ओघळलं की दोन सुक्या किक (चावी बंद ठेवून) आणि तिसरीला चालू. बॅटरी पूर्ण काढून ठेवली तरी गाडी सुरू होते, कारण ठिणगीचा करंट मॅग्नेटच बनवतो. मात्र किक जोमदार हवी. पॉइंटवर अर्धवट, आळशी किकही चालून जायची. इथे क्रँक पुरेसा फिरला नाही तर ठिणगीच नाही. घरातल्या मोठ्यांना हे जमलं नाही आणि त्यांनी गाडी सोडली. मंद चाल स्थिर आहे, प्लग विटकरी रंगावर राहतो. हेडलाइट खरोखर हेडलाइट वाटतो. माझ्या किटमध्ये तो सरळ मॅग्नेटच्या करंटवर चालतो, त्यामुळे सिग्नलवर थोडा उतरतोच. पिकअप वाढला, अॅव्हरेज वाढलं, असं दुकानदार म्हणतात. मला तरी तसं काही जाणवलं नाही. सिलिंडरचा व्यास ६५ आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर, असं लांब स्ट्रोकचं इंजिन आहे, खालून ओढणं हा त्याचा स्वभाव आहे आणि तो आधीही होता.

तक्रारी आहेत. वायरचे रंग नकाशाशी जुळत नव्हते. भर पावसात सीडीआयच्या सॉकेटमध्ये पाणी गेलं, गाडी शिरोलीजवळ बंद पडली. आता सॉकेटला ग्रीस आणि वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आहे. आणि मोठी गोष्ट: पॉइंट बिघडला तर रस्त्याकडेला पॉलिश पेपरनं घासून घरी येता यायचं. सीडीआय मेला की मेला. डिकीत दुसरा डबा ठेवल्याशिवाय मी आंबा घाटात जात नाही.

बाकी बदलांची यादी मित्रांनी पुष्कळ दिली. सायलेन्सरच्या आतल्या नळ्या कापून आवाज मोठा करणं हा सगळ्यात आवडता. करू नका. दोन स्ट्रोकला सायलेन्सरमधून परतणारी दाबाची लाट लागते, ती गेली की खालची ओढ जाते आणि वर शेजारी बोलायचे बंद होतात. त्या नळ्या काढून कॉस्टिक सोड्यात घालून कार्बन साफ केला तर तोच पैसा जास्त कामी येतो. कार्बोरेटरही मूळचाच ठेवला. नव्या गाडीचा कार्बोरेटर बसवलेल्या दोन येझदी चालवून पाहिल्या. एक छान होती, दुसरी जेटिंगच्या (पेट्रोल सोडणाऱ्या भोकांच्या योग्य मापाच्या) शोधात अजून फिरतीये. गिअरच्या पट्टीनंच क्लच सुटण्याची जी सोय या गाडीत आहे, तिच्या अॅडजस्टमेंटला तर कुणाला हातच लावू देत नाही.

पेट्रोलबद्दल मात्र काही करावंच लागलं. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं. जुने रबर फुगतात, मिश्रण पातळ होतं, टाकीत पाणी धरलं जातं. पेट्रोलची नळी आणि कॉकचे वॉशर बदलले, मेन जेट एक नंबर मोठा केला. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत चालवतो. पेट्रोलमध्ये मिसळायचं २टी ऑइल लिटरला ३५ मिली, मापाची बाटली कायम बरोबर, कारण पंपावरची ऑइलची मशिनं बहुतेक गेली.

डायनामो, पॉइंट प्लेट, रेग्युलेटर, सगळं तेल लावून खोक्यात ठेवलंय. भंगारवाला आणि काही शौकीन दोघेही भाव विचारून गेले. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेत नोंदवता येते, फी २०,००० रुपये. अट अशी की चासी, बॉडी, इंजिनात मोठे बदल नकोत. माझी गाडी २०३१ मध्ये पन्नाशीची होईल. पण त्या नंबरवर रोज चालवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच मुभा. दूध आणायला जाणाऱ्या गाडीला तो नंबर काय कामाचा? मी साधं रिन्यूअलच करत राहीन. खोका मात्र विकणार नाही; पुढच्या मालकाचं मत वेगळं असू शकतं.