नऊ आठवड्यांचा प्लॅन, माझे सात महिने

‘काउच टू फाइव्ह के’ हा सोफ्यावरून उठून 5 किलोमीटर पळण्यापर्यंत नेणारा प्लॅन मी गेल्या नोव्हेंबरात सुरू केला. कागदावर तो 9 आठवड्यांचा, आठवड्यातून 3 दिवस पळायचं. मला सलग 5 किलोमीटर पळायला 7 महिने लागले. तरी कुणी विचारलं तर मी हाच सांगते.

कॉलेजात मी पंधराशे मीटर पळायचे. नंतर सगळं सुटलं. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या नाशिककडच्या सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊतने 10,000 मीटरमध्ये कांस्य जिंकलं, तेव्हा टीव्हीसमोर उभी राहून रडले होते आणि उद्यापासून पळायचं ठरवलं होतं. तो उद्या यायला इतकी वर्षं गेली.

पहिल्या आठवड्यात 1 मिनिट पळायचं, दीड मिनिट चालायचं, असं 20 मिनिटं. नाशिकमधल्या कृषीनगरच्या ट्रॅकवर चालायची पाळी आली की मला अपमान वाटायचा. दुसऱ्याच आठवड्यात मी चालणं गाळलं. दम पुरत होता, म्हणून वाढवत गेले. चौथ्या आठवड्यात नडगी आतल्या बाजूने ठणकायला लागली. पुढे जिना उतरतानाही.

फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, “ताई, दम वाढला म्हणजे पाय तयार झाले असं नाही.” हृदय आणि फुप्फुसं लवकर सरावतात. स्नायू हाडांना जोडणाऱ्या कंडरांना रक्तपुरवठा कमी, त्यांना आणि हाडांना महिने लागतात. हे मला आधी कुणी सांगायला हवं होतं.

तीन आठवडे पळणं बंद. मग पुन्हा पहिल्या दिवसापासून, यावेळी एकही मिनिट न गाळता.

प्लॅनमध्ये खरी खोट आहे ती पाचव्या आठवड्यात. दुसऱ्या दिवशी 8 मिनिटं पळणं, 5 चालणं, पुन्हा 8. आणि तिसऱ्या दिवशी एकदम सलग 20! मी दोनदा अडकले, 13 व्या आणि 16 व्या मिनिटाला. दोन्ही वेळा चौथा आठवडा पुन्हा केला. तिसऱ्यांदा शेजारच्या वहिनींशी बोलता येईल इतक्याच वेगाने पळाले, आणि 20 मिनिटं झाली.

एप्रिल-मेमध्ये साडेपाचलाच निघा, नाशिकचं ऊन सातनंतर सोसत नाही.

आता 5 किलोमीटरला 41 मिनिटं लागतात. पावसाने ट्रॅकवर चिखल झालाय. निसरड्या वळणावर मी चालते, पुढे पुन्हा पळते. घड्याळ चालूच ठेवते.