हरितलवक आणि तंतुकणिका: शाडूची प्रतिकृती की मण्यांची?

हरितलवकात (क्लोरोप्लास्ट) होणारं प्रकाशसंश्लेषण आणि मुख्यतः तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रिया) होणारं पेशीश्वसन शिकवताना पेशीतल्या या दोन अंगकांची प्रतिकृती मुलांकडूनच करून घ्यायची, इथपर्यंत तुमचं ठरलं असेल, तर पुढचा प्रश्न कोणती. मी दोन्ही करून घेते. एक शाडूची, बघायची. दुसरी जमिनीवर खडूने आखून मण्यांनी चालवायची.

आठवीत पेशीअंगकांची ओळख करून द्यायची असते, तिथे शाडू घ्या. तंतुकणिकेचं आतलं आवरण घड्यांचं असतं हे वाचणं वेगळं, आणि शाडूची लांब पट्टी छोट्या कवचात मावेना म्हणून स्वतः दुमडणं वेगळं. घडीत किती पृष्ठभाग मावतो हे बोटांना कळतं. पण ही प्रतिकृती वाळली की कपाटावर जाते. तिच्यात काही आत येत नाही, काही बाहेर पडत नाही.

दहावीला मी मण्यांचीच घेते. काळे मणी कार्बन, लाल ऑक्सिजन, पांढरे हायड्रोजन. नेहमीच्या समीकरणाप्रमाणे कार्बन डायऑक्साइडचे 6 आणि पाण्याचे 6 रेणू द्यायचे, म्हणजे 36 मणी. त्यांतून ग्लुकोजचा एक रेणू आणि ऑक्सिजनचे 6 रेणू, म्हणजे 12 लाल मणी, मिळायला हवेत. मुलं पाणी फोडतात, लाल मणी हरितलवकाबाहेर ठेवतात आणि अडतात. "बाई, पाण्यातून सहाच लाल निघाले. बाहेर तर बारा जायला हवेत!" फळ्यावरचं समीकरण संतुलित दिसतं, म्हणून तिथे हे कुणी विचारत नाही. उरलेले सहा कार्बन डायऑक्साइडमधून काढायचा मोह होतो, पण ते चूक. बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्यातलाच, हे 1941 मध्ये रुबेन आणि कॅमेन या शास्त्रज्ञांनी ऑक्सिजन-18 (ऑक्सिजनचा जड प्रकार) वापरून दाखवलं. मग पाण्याचे 12 रेणू द्यायचे. मणी होतात 54, जपमाळेच्या बरोबर निम्मे, आणि शेवटी पाण्याचे 6 रेणू नव्याने तयार झालेले समोर दिसतात.

टॉर्च म्हणजे सूर्य. तो विझला की हरितलवकाचा गट थांबतो. तंतुकणिकेचा गट टॉर्च असो वा नसो, चालूच. झाडं फक्त रात्री श्वसन करतात हा पक्का बसलेला समज याने हलतो. ग्लुकोज तंतुकणिकेबाहेरच फोडायला लावा, म्हणजे त्यातून तयार होणारं पायरुविक आम्ल आत कसं येतं तेही दिसेल.

एक धोका मात्र आहे: मुलं एखाद्या मण्यालाच ऊर्जा म्हणू लागतात. म्हणून एटीपीसाठी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) मणी वापरू नका, आणि श्वसन संपल्यावर सगळे मणी पुन्हा मोजून घ्या. 54 च भरतात, एकही मणी ऊर्जा झालेला नसतो.

मण्यांना वर्गातल्या दोन तासिका जातात, शाडूचं काम घरी होतं. विज्ञान प्रदर्शनात मांडायचं असेल तर शाडूच हवी. दहावीला एकाच गोष्टीपुरता वेळ असेल तर शाडू सोडा आणि प्रत्येक गटाला 54 मण्यांची एक डबी द्या.